चार पन्नासची नोंद

सोमवार, २ मार्च

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या उपप्रमुखांना काहीच काम नसतं. ते मी नोकरीच्या तिसऱ्या दिवशी लिहिलं आणि घाईने लिहिलं. त्यांना काम असतं. गेले तीन आठवडे मी मोजते आहे. फिती कापणे, सहा वेळा. ज्या अंत्यविधीला मोठ्या साहेबांना जायला जमत नाही त्या अंत्यविधीला जाणे, दोन वेळा. आणि मोठ्या साहेबांची तब्येत कशी आहे असं विचारणे, रोज. हे शेवटचं ते अगदी मनापासून विचारतात, पण लोक उगाच हसतात.

कोण मोठे आणि कोण धाकटे तेच तुला समजलं नाही म्हणालीस. नीट सांगते. राज्यप्रमुख म्हणजे मोठे साहेब. त्यांच्या खालोखाल उपप्रमुख. उपप्रमुख पूर्वी गुरांचे डॉक्टर होते, म्हणून इमारतीत सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. दोघांच्या खोल्या शेजारी-शेजारी आहेत. मधे दार आहे, पण मोठ्या साहेबांनी आपल्या बाजूने त्या दाराला कपाट लावलंय. डॉक्टर कधीकधी टकटक करतात. पलीकडे एखादी फाइल पडते, तेच उत्तर.

कायदा असा आहे की मोठे साहेब राज्याची हद्द ओलांडून बाहेर गेले की त्या क्षणापासून सगळे अधिकार डॉक्टरांचे. साहेब हद्दीत परत आले की त्या क्षणी अधिकारही परत. शपथ नाही, पत्र नाही. फक्त एक नोंदवही. साहेबांचा ड्रायव्हर हद्दीवरच्या नदीच्या पुलावरून फोन करतो, "बाहेर" किंवा "आत", आणि आपण वेळ लिहायची. ही नोंदवही आता माझ्याकडे आलीय. माझ्याआधीच्या हेडक्लार्कनी निवृत्त होताना ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, यात कधी काही घडलेलं नाही. तसंच राहू दे." चार वर्षांत मोठे साहेब एकेचाळीस वेळा बाहेर गेले. डॉक्टरांनी एकेचाळीस वेळांत एकाही कागदावर सही केलेली नाही, कारण त्या दिवशी कुणी कागदच पाठवत नाही.

मंगळवारी, दहा तारखेला, साहेब धरणाच्या पाण्याच्या बैठकीला शेजारच्या राज्यात जाणार आहेत. माझी पहिली नोंद. आत्या, मला भीती वाटते. मी रोज सकाळी माझं घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवते. शिपाईमामा म्हणतात, "ताई, त्या घड्याळाला घाम फुटलाय, जरा सोडा त्याला." पण अकरा वर्षांची होईपर्यंत मी तुझ्या जेवणाच्या टेबलावर शिकले. चूक झाली की गप्प बसायचं असतं, हे शाळेत गेल्यावर बाकी सगळ्या मुलांना ठाऊक होतं. मला एकटीला नव्हतं. अजून सवय झालेली नाही.

तुझं गेलं पत्र नऊच ओळींचं होतं, आणि माझ्या चुका लाल शाईने लिहून आल्या नाहीत. बरी आहेस ना?

तुझी,
मुंगी


गुरुवार, ५ मार्च

मुंगे,

चुका दोन. एका वाक्यात "अंत्यविधीला" दोनदा. माणूस एकदाच मरतो. आणि "भीती वाटते" असं लिहिलंस, कशाची ते लिहिलं नाहीस. घड्याळाची की साहेबांची?

मी बरी आहे, एक दाढ सोडून.

तुमचा कायदा मला लगेच समजला. घरोघरचाच आहे. डॉक्टर म्हणजे धाकटी जाऊ. किल्ल्या थोरलीच्या कमरेला. थोरली माहेरी गेली की चार दिवस घर हिचं, पण साखरेचा डबा कुठे ठेवलाय ते थोरली सांगून जात नाही. तुझ्या आईच्या घरात मी नणंद होते, म्हणजे विरोधी पक्ष, त्यामुळे हे कारभार मी जवळून पाहिलेत. धाकटीला सगळे बिचारी म्हणतात. एक दिवस तिच्या हातात डबा लागू दे, मग बघ.

यंदा माझ्या टेबलाशी मुलं सात आहेत. शेजारच्या शिंप्याच्या जुळ्या मुली अपूर्णांकांपर्यंत आल्यात. सगळं जग त्यांना पाव आणि अर्धं दिसतं. दाढ गेली की मला पाऊण म्हणणार आहेत.

मागच्या महिन्यात एक तपासनीस येऊन गेला. त्याने खिडकी मोजली, खुर्च्या मोजल्या, मला मोजायची तेवढी राहिली. विशेष काही नाही.

सहज विचारते. तुमच्याकडे लोकांचे अर्ज येतात ते कोण उघडतं? आणि उघडल्यावर कुठे ठेवतं? सहजच.

आत्या

ता. क. काळजीने फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "हो, हो" म्हणतेस. कागदावर जरा बोलतेस.


बुधवार, ११ मार्च

प्रिय आत्या,

मला एक आनंदाची गोष्ट सांगायचीय आणि एक तक्रार करायचीय. दोन्ही एकच आहेत, म्हणून क्रमाने लिहिते.

काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला, "बाहेर." मी वेळ लिहिली, डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "साहेब, आपण राज्यप्रमुख आहात."

ते कुंडीला पाणी घालत होते. म्हणाले, "पुन्हा?"

मग त्यांनी कोट चढवला, खुर्चीत बसले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. टेबल रिकामं. दहा वाजले, अकरा वाजले. एकदा दार उघडलं, तर पंखे दुरुस्त करणारा होता. त्याला दुसरी खोली हवी होती.

"काय आहे ना," डॉक्टर म्हणाले, "आपल्याला काय होतंय ते गाय काही सांगत नाही. पण निदान ती समोर उभी तरी असते. इथे गायच नाही."

"मी एखादी फाइल मागवू का?"

"मागव. सगळ्यांकडे माग. नम्रपणे माग."

मी सात कपाटांपर्यंत जाऊन आले. सगळ्यांना कुलपं. किल्ल्या मोठ्या साहेबांच्या सचिवबाईंच्या पर्समध्ये, आणि पर्स बाईंबरोबर नदीपलीकडे. तुझी थोरली जाऊ अगदी हुबेहूब. शेवटी शिपाईमामा म्हणाले, "एक उघडी आहे की. मोठ्या साहेबांच्या खोलीत, दाराला लावलेल्या त्या कपाटाखाली. कपाट डुगडुगतं म्हणून पायाखाली सारलीय." त्यांनी ती ओढून काढली तेव्हा कपाट कलंडायला लागलं, म्हणून तिच्या जागी स्वतःची चप्पल सारली. दिवसभर ते एका पायात चप्पल घालून हिंडले.

धूळ पुसल्यावर फाइलवरची अक्षरं दिसली: "राज्यप्रमुखांच्या सहीसाठी. तातडीचे."

पुढचं तुला माझ्याआधी ठाऊक होतं. एक एप्रिलपासून घरी मुलांना शिकवायचं तर शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं आणि खोली ठरलेल्या मापाची हवी. नसेल तर घरशाळा बंद. सूट फक्त राज्यप्रमुखांच्या सहीने, पाच वर्षांची. एकोणीस जणांनी सूट मागितली होती. एकतीस मार्चपर्यंत सही झाली नाही की अर्ज आपोआप नामंजूर. म्हणून ते कपाटाला आधार देत होते.

डॉक्टर वाचायला बसले. सगळे एकोणीस, एकेक ओळ. आठव्या अर्जाचं पान उलटलं आणि मला समास दिसला. दोन बोटांचा समास, लाल रेघ, उजव्या कोपऱ्यात गोलामध्ये पानाचा आकडा. आत्या, तो समास मी झोपेतसुद्धा ओळखेन.

मी उभी राहिले. "साहेब, मला बाहेर जायचंय."

"पोट दुखतंय का?"

"नाही. नातं आहे. या अर्जाशी. ही माझी आत्या. मी त्याच टेबलावर शिकले."

त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "मग जा बाहेर. दार लावून घे. तू समोर असलीस तर मी तुझ्याकडे बघूनच ठरवेन. आणि तू त्या शाळेची जाहिरात आहेस की धोक्याची पाटी, तेच मला कळत नाही."

दीड तास मी व्हरांड्यात उभी होते. चार वाजून पस्तीस मिनिटांनी त्यांनी आत बोलावलं. एकोणीसही अर्जांवर नुकतीच, एकदमच केलेली सही, शाई अजून ओली. पहिली सही लाजऱ्या माणसाची होती, एकोणिसावी अर्ध्या पानाची. चार पन्नासला ड्रायव्हरचा फोन आला, "आत." मी वेळ लिहिली. डॉक्टरांनी कोट काढला.

आज सकाळी मोठ्या साहेबांचा आवाज कपाटातून आरपार आला. "ज्या माणसाला फीत सरळ कापता येत नाही, त्याने..." पुढचं लिहीत नाही. दिलेली सूट मोठ्या साहेबांनाही काढून घेता येत नाही. अधिकार नसताना सही झाली असेल तरच ती रद्द होते. डॉक्टर कुंडीला पाणी घालत होते, पण आज गुणगुणत होते.

हा झाला आनंद. आता तक्रार. तू मला सांगितलं का नाहीस?

मुंगी


शनिवार, १४ मार्च

मुंगे,

सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी राजीनामा लिहिला असतास, समास सोडून, आणि मला तपासायला पाठवला असतास.

पत्र सहा वेळा वाचलं. चुका दिसल्या. मोजल्या नाहीत.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून खिडकीची गोष्ट ऐक. नियमाप्रमाणे खिडकी छत्तीस इंच रुंद हवी. तपासनीसाने टेप लावली आणि म्हणाला, "छत्तीस. ठीक." प्रमाणपत्राचं पुढे बघू, निदान खोली तरी पास झाली म्हणून माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात जुळ्यांतली मोठी म्हणाली, "काका, तुमच्या टेपचं पहिलं टोक तुटलंय. ती एकपासून सुरू होते. म्हणजे आमची खिडकी पस्तीस."

शिंप्याचीच पोर ती. चालायच्या आधी टेप वाचायला शिकली असेल.

तपासनीसाने टेपकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भला माणूस होता. म्हणाला, "बाई, मी काही ऐकलं नाही."

धाकटी म्हणाली, "मग ती मोठ्याने सांगेल."

आणि सांगितलं तिने मोठ्याने. मी काय करणार? शाबास म्हणावं लागलं. एका इंचाने खोली नापास, प्रमाणपत्र नाही म्हणून मी नापास, आणि वर शाबासकी. या दोघी आधी तीन महिने गावातल्या शाळेत जात होत्या. तीन महिने त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आता बंद कसं करायचं हा प्रश्न आहे.

तुला खरं सांगते. एक एप्रिलला सकाळी नऊ वाजता टेबल पुसून झाल्यावर मी काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. मला दुसरं काहीच येत नाही. स्वयंपाकाचं तुला ठाऊकच आहे. आता सुचायची गरज उरली नाही. तुमच्या डॉक्टरांना सांग, जुळ्यांनी त्यांच्यासाठी गायीचं चित्र काढलंय. गाय पाऊणच आहे, कागद संपला.

आत्या


मंगळवार, १७ मार्च

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती. अकरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की मोठे साहेब चार वाजून पन्नास मिनिटांनी हद्दीत आले. ते खोटं आहे. मला ठाऊक नव्हतं, पण खोटं आहे.

गुरुवारी ड्रायव्हर पाकीट द्यायला आला होता. मी सहज म्हटलं, "परवा पुलावर गर्दी होती का? बैठक तर साडेतीनलाच संपली होती म्हणे."

"नाही हो ताई. चहा."

"कसला चहा?"

"पूल उतरला की डाव्या हाताला टपरी आहे. येताना साहेब तिथे थांबतातच. दोन कप चहा, मग सीट मागे पाडून झोप. उठले की म्हणतात, 'कर आता फोन.' मग मी फोन करतो."

मी हळूच विचारलं, "टपरी पुलाच्या कुठल्या बाजूला?"

"आपल्याच. पलीकडचा चहा पाणचट."

"नेहमी असंच?"

"चार वर्षं झाली. चहा आधी, फोन नंतर. साहेब म्हणतात, फोन केला की अख्खं राज्य अंगावर येतं. तेवढा अर्धा तास त्यांना पलीकडचेही शोधत नाहीत आणि इकडचेही."

पुलावर टोल आहे. टोलच्या पावतीवर वेळ असते. मी पावतीबद्दल विचारलं, तर त्याने गाडीतून एक फुगलेली पिशवी आणून दिली. चार वर्षांच्या सगळ्या पावत्या. "कुणी मागितल्या नाहीत, म्हणून टाकल्या नाहीत." दहा मार्चची पावती: चार वाजून चौदा मिनिटं. म्हणजे चार चौदाला मोठे साहेब हद्दीत आले आणि अधिकार त्यांच्याकडे परत गेले. चार पस्तीसला डॉक्टरांनी सही केली तेव्हा ते फक्त उपप्रमुख होते. राज्यप्रमुख टपरीसमोर झोपलेले होते.

टोलचं घड्याळच पुढे असेल, अशी आशा होती. म्हणून रविवारी बसने पुलावर गेले. घड्याळ बरोबर आहे. मग टपरीवर गेले. चहावाल्या मावशी म्हणाल्या, "ते काळ्या गाडीवाले? ते राज्यप्रमुख आहेत होय? मला वाटलं विमा विकतात. फार गरीब माणूस. घरी झोपू देत नसतील. मी काचेवर टॉवेल टाकते, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून." किती वेळ झोपतात असं विचारलं, तर म्हणाल्या, "घोरणं थांबेपर्यंत."

एकतीस मार्चला चार वर्षांची ही नोंदवही मोहोरबंद होते आणि मग सभागृहात सर्वांना वाचायला ठेवतात. तोपर्यंत दुरुस्ती करता येते. त्यानंतर चार पन्नास हेच कायमचं खरं. सचिवबाई दोनदा नोंदवही चाळून गेल्या, पण त्यांना काही सापडलं नाही. त्या दिवशी त्या दुसऱ्या गाडीतून आधीच पुढे आल्या होत्या. सगळं एकत्र ठाऊक असलेली मी एकटीच आहे. मी दुरुस्ती केली तर एकोणीस सह्या जातात. त्यांत आठवी तुझी.

तू सांग, मी काय करू?

मुंगी


शुक्रवार, २० मार्च

मुंगे,

हे चौथं पत्र आहे. पहिली तीन फाडली. पहिल्यात मी लिहिलं होतं: काही करू नकोस. झोपलेला माणूस कुठल्या हद्दीत असतो? माणूस झोपला की तो घरात नसतो, दारात नसतो, तो राज्यात कसा असेल? वाचायला झकास वाटलं. मग ते जुळ्यांपैकी कुणी लिहिलं असतं तर मी काय शेरा दिला असता, ते आठवलं.

दुसऱ्यात तुला शिव्या होत्या. कुणी सांगितलं होतं रविवारी बसने उंडारायला? लोक रविवारी झोपतात. तुमचे मोठे साहेब तर इतर वारीही झोपतात.

तिसऱ्यात मी रडले, म्हणून ते वाचता येत नव्हतं.

आता नीट. मला विचारू नकोस. मी अर्जदार आहे. डॉक्टरांनी अर्ज वाचताना तू उठून व्हरांड्यात गेलीस ना? मग आता मला व्हरांड्यात जाऊ दे. खिडकीच्या इंचाचं मी तुला कौतुकाने लिहिलं, त्याचा आता पस्तावा होतोय, हेही इथे लिहून ठेवते. तुला जे शिकवलं ते शिकवलं. ते परत मागता आलं असतं तर या आठवड्यात मी मागितलं असतं.

पण एक चूक दाखवते, ती दाखवायचा मला अजून हक्क आहे. सही कुणाची आहे? डॉक्टरांची. चार वर्षांत त्या माणसाने एक दिवस काम केलं आणि तू त्याला न विचारता ते पुसायला निघालीस. आजारी गाय बघायलासुद्धा मालकाला विचारून गोठ्यात जातात.

दाढ काढली. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे खूप दुखतंय.

आत्या


बुधवार, २५ मार्च

प्रिय आत्या,

तू बरोबर होतीस. काल सकाळी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. पावती समोर ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, "म्हणजे चार पस्तीसला मी कोण होतो?"

"उपप्रमुख, साहेब."

"आणि उपप्रमुखाला एकटंच असताना काय काय करता येतं?"

मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "कुंडीला पाणी घालता येतं."

ते उठले, पाणी घातलं, परत येऊन बसले. मग म्हणाले, "चार वर्षं मी इथे बसतोय. स्टेपनी म्हणतात मला, ठाऊक आहे. चाक पंक्चर होईपर्यंत स्टेपनीने डिकीत पडून राहायचं, त्याचं मला काही नाही. पण त्या दिवशी मी रिकामा होतो म्हणून वाचलं आणि वाचलं म्हणून सही केली. आता पुन्हा करायची तर मोठ्या साहेबांचा राग डोळ्यांसमोर ठेवून करावी लागेल. ती हिंमत माझ्यात आहे का, ते मला बघायचंय. एक दिवस दे."

आज सकाळी त्यांनी मला स्वतःहून बोलावलं. काल दिवसभर ते पुन्हा एकोणीस अर्ज वाचत होते. म्हणाले, "पाण्याची बैठक अर्धी राहिलीय. सोमवारी, तीस तारखेला, साहेबांना पुन्हा पलीकडे जावंच लागणार. माझी सही गेली तर मी सोमवारी परत करेन. सकाळीच, चहाच्या आधी. तू दुरुस्ती सोमवारीच कर ना, ते गेल्यावर. तेव्हा राज्यप्रमुख मीच असेन. माझ्यापुढेच ठेव."

मी नाही म्हटलं. आत्या, मी उपप्रमुखांना नाही म्हटलं. म्हटलं, "साहेब, त्यांच्या माघारी केली तर ती दुरुस्ती होत नाही, ती युक्ती होते. ज्यांची वेळ चुकलीय त्यांच्यापुढेच ठेवायला हवी."

"मग ते सोमवारी जाणारच नाहीत. बैठक पुढे ढकलतील. एकतीस तारीख उलटली की संपलं सगळं."

"हो," मी म्हटलं, "तसं होऊ शकतं."

त्यांनी विचारलं, "तुझी आत्या काय म्हणते?"

"ती व्हरांड्यात गेलीय."

ते त्यांना बरोबर समजलं. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्ती लिहितात कशी? दाखव."

मी मसुदा केलेलाच होता. तो दाखवला. मोठ्या साहेबांची दहा मार्चची एकच वेळ दुरुस्त करणं बरोबर नाही, कारण चूक तर प्रत्येक वेळी झालेली आहे. म्हणून मी पावत्यांवरून चार वर्षांच्या सगळ्या बेचाळीस फेऱ्यांची दुरुस्ती केलीय. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारणाचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. त्यात मी बेचाळीस वेळा लिहिलंय: "हद्दीत आल्यावर चहा व झोप." पुढे मिनिटं. सर्वांत कमी बावीस, सर्वांत जास्त एक तास सोळा, ती गेल्या वर्षी पूर आला होता त्या दिवशीची. चहावाल्या मावशींचा जबाब सोबत जोडलाय, टॉवेलसकट. घोरण्याचं मी वगळलं, त्याचा वेळेशी संबंध नाही. ड्रायव्हरला विचारूनच लिहिलं. तो म्हणाला, "लिहा ताई, मी हुकमाचा ताबेदार. फक्त चहा चांगला असतो तेही लिहा." ते मात्र लिहिता येत नाही.

डॉक्टर वाचत होते. पहिल्या पानावर त्यांच्या मिशा हलल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला. पुराच्या नोंदीपाशी आले आणि हसायला लागले, ते थांबेचनात. शिपाईमामा पाणी घेऊन धावत आले. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं लिहिलंय.

"यातलं काही चूक आहे का, साहेब?"

"काही नाही. एक अक्षर बदलू नकोस." ते डोळे पुसत म्हणाले. "हे नंतर सभागृहात ठेवतात ना? सगळ्यांना वाचायला?"

"हो. पण दुरुस्तीवर राज्यप्रमुखांची स्वतःची सही लागते. त्यांनी सही केली नाही तर दुरुस्ती धरत नाहीत, जुनीच नोंद राहते. पण ते करतील. त्यांच्याच फायद्याची आहे."

हे ऐकून ते पुन्हा हसायला लागले. कारण काही सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझं बरोबर आहे. सोमवारची वाट बघू नकोस. त्यांच्यापुढेच ठेव, ते शुद्धीवर असताना. एकटी जा, आणि बेचाळीसही नोंदी मोठ्याने वाचून दाखव. कारणासकट. घाई करू नकोस." आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा हाक मारून म्हणाले, "सोमवारचं माझं कायम आहे. ते गेले, तर मी सही करणार. रिकामा होता म्हणून केली, असं कुणी म्हणायला नको."

डॉक्टर का हसले ते मला अजून कळलेलं नाही. तुला विचारत नाही, फक्त कळवते, म्हणजे त्या वेळी तू कुठे आहेस ते मला ठाऊक असेल. मुलांना नेहमीप्रमाणे टेबलाशी बसव. सचिवबाईंनी मला मोठ्या साहेबांची वीस मिनिटं दिली आहेत. बेचाळीस नोंदी मी घरी मोठ्याने वाचून पाहिल्या, त्यांना अठरा लागतात. परवा, शुक्रवारी, सत्तावीस मार्चला, सकाळी साडेअकरा वाजता मी नोंदवही घेऊन आत जाणार आहे.

तुझी,
मुंगी